त्रिकोणी काच, छागल, ओलं फडकं

पुढच्या दारातली त्रिकोणी काच. मोठ्या काचेच्या पुढे, आरशाच्या अंगाला. आतली लहानशी कळ दाबायची, खिट्टी फिरवायची आणि काच उभ्या कण्यावर वळवायची. जराशी उघडली तर धावत्या गाडीतली कोंदलेली हवा ती बाहेर ओढून घेई. पुरती उलटी वळवली तर समोरचा वारा अडवून थेट ड्रायव्हरच्या छातीवर आणून सोडी. तिला मोटर नव्हती, वायर नव्हती, पेट्रोल लागत नव्हतं. मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला वारा सोसत नसेल तर ती दोन बोटं मिटायची, लहान मूल घामेजलं असेल तर पुन्हा उघडायची. फियाटला ती होती, अँबेसेडरला होती. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी २००० च्या सुमारास बंद झाली, अँबेसेडर २०१४ साली. नव्या गाड्यांच्या दारात एकच मोठी काच असते आणि उन्हाळाभर ती वर चढवलेलीच असते.

त्या काचेभोवतीचं रबर. खानदेशातल्या दोन-चार उन्हाळ्यांत ते कडक होऊन तडकायचं. मग काच चालत्या गाडीत शिट्टी घालायची. लोक सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बसवत. आता खरं रबर मिळवायचं तर जुन्या सुट्या भागांचा बाजार पालथा घालावा लागतो.

जीपची पुढची काच. सगळी चौकट बॉनेटवर आडवी पाडता यायची. शेतातून, कच्च्या रस्त्यानं, हळू चालीत. वेग वाढला की धूळ आणि किडे तोंडावर, म्हणून डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला रुमाल.

डॅशबोर्डवरचा छोटा पंखा. रबरी पात्यांचा, बॅटरीवर चालणारा. आवाज जास्त, वारा कमी. तरी असायचा.

वाऱ्याच्या वस्तू एवढ्याच. आणि जळगाव-धुळ्यात वाऱ्याचा उपयोग सकाळी दहापर्यंतच. माणसाच्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला पोचला की उघड्या खिडकीतून येणारी झळ उलट अंगाला उष्णता देते, घाम निघायच्या आत सुकवते, आणि माणसाला आपल्या अंगातलं पाणी किती गेलं याचा पत्ताच लागत नाही. इथले जाणते ड्रायव्हर भर दुपारी काचा खाली घ्यायचे नाहीत. तीन बोटं फट ठेवायचे, बाकी बंद. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला ते उफराटं वाटायचं, कारण मुंबईचा उन्हाळा दमट आणि तिथे वाऱ्याशिवाय सुटका नाही. खानदेशचा उन्हाळा कोरडा आहे, आणि कोरड्या हवेवरचा उपाय पाणी हा आहे. हवा ४३ अंश आणि तिच्यातली सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल तर तिच्यात धरलेलं ओलं कापड बाष्पीभवनानं २३ अंशांच्या आसपास उतरू शकतं. वीस अंशांचा हा फरक फुकटचा आहे. पुढच्या बऱ्याच वस्तू या फरकावर जगल्या.

छागल. जाड कॅनव्हासची पिशवी, कोपऱ्यात तोंड, तोंडाला बूच, वर दोरी. नवी असताना दोन दिवस पाण्यात भिजत घालायची, म्हणजे धागे फुगून गळती थांबते आणि फक्त पाझर उरतो. जीपच्या पुढच्या बंपरला, ट्रकच्या आरशाच्या दांड्याला, गाडीच्या दाराच्या मुठीला ती टांगलेली असे. गाडी जितकी पळेल तितकं पाणी गार. पाण्याला कॅनव्हासचा वास यायचा, पहिल्या घोटाला नको वाटायचा. धुळ्याहून निघून पारोळ्याला पोचेपर्यंत पाणी दात शिवशिवतील असं नाही, पण घसा शांत होईल इतकं गार झालेलं असे. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातून जाणारे मोटारवाले हीच पिशवी रेडिएटरसमोर टांगत. कुणी कुणाकडून घेतली ठाऊक नाही. कोरडं ऊन आणि लांबचा रस्ता, दोन्हीकडे सारखे होते. प्लास्टिकची बाटली आली तेव्हा छागल गेली. बाटलीतलं पाणी एरंडोलपर्यंत चहासारखं होतं.

फिरकीचा तांब्या. पितळी, झाकणाला आटे. त्याला ओल्या पंच्याचा पीळ घालून पायाशी ठेवायचा. घरातल्या बायकांची ही वस्तू. छागल ड्रायव्हरची, तांब्या घरचा. मोठ्या कुटुंबाच्या गाडीत दोन्ही असत.

पंचा. याच्यावर खरं तर जास्त लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त काम यानं केलं. भिजवून, पिळून मानेभोवती. मानेच्या दोन बाजूंनी रक्ताच्या मोठ्या वाहिन्या जातात आणि तिथे गारवा लागला की सगळ्या अंगाला बरं वाटतं. वैद्यकाच्या पुस्तकातली कारणं ठाऊक नसताना ड्रायव्हर लोक मान आणि मनगटं ओली ठेवत. सुकला की छागलीतलं ओंजळभर पाणी. स्टिअरिंगचा काळा एबोनाइटी गोल हाताला चटका देई, त्यावरही पंचाच. रेक्झिनच्या सीटवर पंचा. उतरताना डोक्याला पंचा. सरकारी अँबेसेडरला पांढरे टॉवेल असत ते दिमाखासाठी असं आता वाटतं, पण तापलेल्या रेक्झिनवर पातळ सदरा घालून बसलेल्याला त्या टॉवेलचा अर्थ नेमका कळे. टॅक्सीवाल्यांनी पुढे लाकडी मण्यांची गादी आणली. तिच्यामुळे पाठ आणि सीट यांत हवा खेळे. ती अजून कुठे कुठे दिसते.

वाळ्याचा पडदा. घरातल्या दारांना, दवाखान्यांना, वकिलांच्या कचेऱ्यांना वाळ्याच्या ताट्या असत. गाडीत त्याची लहान आवृत्ती म्हणजे मागच्या खिडकीत खोचलेली वाळ्याची पट्टी. पाणी शिंपडलं की गारवा आणि वास दोन्ही. वास महत्त्वाचा होता. तापलेलं रेक्झिन, पेट्रोल, उलटी करणारं मूल, या सगळ्यावर वाळा. अमेरिकेत याच तत्त्वावर खिडकीला लावायचा नळकांड्यासारखा पाण्याचा कूलर निघाला होता. धावत्या गाडीचा वारा ओल्या गवतातून आत येई. यंत्राचा एसी पॅकार्डनं १९३९ साली गाडीत बसवून दाखवला, तरी कोरड्या मुलखातले लोक पुढे बरीच वर्षं हे पाण्याचं नळकांडं वापरत राहिले. जळगावात घराघराला कूलर आहे. गाडीला मात्र तो कुणी लावलेला मी पाहिला नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटत आलं.

दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड. खरी स्पोर्ट्‌स कार आपल्या गावांत कुणी पाहिली? गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही उघड्या टपाची दोन सीटची गाडी मासिकांतल्या फोटोंत पाहायची. एमजी आणि ट्रायम्फ संस्थानिकांच्या आणि मुंबईकरांच्या. जिल्ह्याच्या गावी स्पोर्ट्‌स कारच्या सगळ्यात जवळची गाडी म्हणजे हेरल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं १९६१ पासून बनवलेली, इटलीतल्या तुरीनच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीनं रेखलेली. तिच्याच चासीला आखूड करून इंग्लंडमध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही खरीखुरी स्पोर्ट्‌स कार काढली गेली. म्हणजे डॉक्टर-वकिलांची तरुण मुलं जी हेरल्ड मिरवत, तिचा सांगाडा अस्सल होता.

अशा गाडीत उन्हाळा फियाटपेक्षा वाईट. सीट खाली, म्हणून तापलेलं डांबर जवळ. गिअरबॉक्स दोघांच्या मधून जातो आणि त्याच्यावरचं पातळ आवरण पोटऱ्या भाजतं. इंजिन आणि पाय यांच्यामध्ये एक पत्रा. टप बुटकं, त्यामुळे छताची उष्णता थेट डोक्यात. उघड्या टपाच्या गाडीत हे छत नसतं, पण मग डोक्यावर वैशाखाचं ऊन असतं, आणि त्याहून छत बरं. विलायती स्पोर्ट्‌स गाड्यांत हिवाळ्यासाठी हीटर असतो. इंजिन उकळायला लागलं की तो हीटर सुरू करायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत येऊन इंजिन वाचतं आणि चालवणारा भाजून निघतो. ४४ अंशांत हीटर लावून बसणं हे ज्यानं केलं त्याला गाडीवरच्या मायेबद्दल दुसऱ्या कुणी काही सांगायची गरज नाही.

हेरल्डचं एक मात्र सुख होतं. तिचं बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट एका तुकड्यात पुढे उलटायचं. झाडाखाली थांबलं, दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या आणि अख्खं तोंड उघडलं की इंजिन चारी बाजूंनी मोकळं. दहा मिनिटांत उष्णता निघून जाई. फियाटचं इंजिन निवायला याहून जास्त वेळ लागे. चाकावर बसून इंजिनात हात घालता यायचा. मिस्त्रींना ही गाडी आवडे. आता खानदेशात चालती हेरल्ड पाहायची तर जुन्या गाड्यांचा एखादा मेळावा गाठावा लागेल.

ओलं फडकं. हे माणसासाठी नव्हे, पेट्रोलच्या पंपासाठी. जुन्या गाड्यांचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असे. दुपारी गाडी थोडा वेळ उभी केली की इंजिनाच्या आचेनं नळीतल्या पेट्रोलची वाफ होई आणि पंपाला पेट्रोलऐवजी वाफच ओढावी लागे. गाडी खोकून बंद. नवखा माणूस सेल्फ मारत बसायचा आणि बॅटरी उतरवायचा. जाणता बॉनेट उघडून पंपाभोवती ओलं फडकं गुंडाळायचा, एक विडी ओढायचा, आणि गाडी सुरू. अमेरिकेतले लोक म्हणे नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावत. त्याचा किती उपयोग होई ठाऊक नाही, फडक्याचा मात्र होई, कारण खानदेशच्या हवेत फडकं खरंच गार पडतं. आताच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली येतं. फडक्याचं काम संपलं.

रेडिएटरसाठीचा पाण्याचा डबा. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, तारेची मूठ. चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढताना, किंवा शिरपूर-पळासनेर ओलांडून सेंधव्याच्या अलीकडचा बिजासन घाट चढताना, ओळीनं गाड्या तोंड उघडून उभ्या असत. डोळे तापमानाच्या काट्यावर. काटा लाल रेघेला टेकला की थांबायचंच. झाकण लगेच उघडायचं नाही. आधी इंजिन निवू द्यायचं, मग जाड गोणपाट टाकून एक आटा फिरवायचा, वाफ जाऊ द्यायची, मग दुसरा. पाणी ओतायचं ते इंजिन चालू ठेवून, धार बारीक. तापलेल्या इंजिनात थंड पाणी भसकन ओतून किती हेड तडकले याची गिनती नाही. घाईच्या माणसाला या डब्यानं थांबायला शिकवलं, आणि त्या थांबण्यात अनोळखी माणसं एकमेकांना पाणी देत, तंबाखू देत, पुढच्या वळणावर काय आहे ते सांगत.

रेडिएटरला रॉड मारणारे कारागीर. आमच्याकडचं विहिरीचं पाणी जड. तेच रेडिएटरात जायचं आणि क्षार धरायचा, नळ्या आतून बुजायच्या. मग रेडिएटर उतरवायचा, वरची टाकी झाळ सोडवून काढायची आणि एकेका नळीतून पातळ पट्टी आरपार घालून ती साफ करायची. पुन्हा टाकी झाळायची, पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे. तांब्या-पितळेचा रेडिएटर असा कितीदाही नवा होई. आताचा अ‍ॅल्युमिनियमचा, त्याला प्लास्टिकची टाकी. बिघडला की फेकायचा. हे कसब असलेले हात आता थोडे आहेत, आणि ते गेले की खानदेशातली एकही जुनी गाडी एप्रिलच्या पुढे रस्त्यावर टिकणार नाही. बाकीच्या वस्तूंवाचून भागेल, यांच्यावाचून नाही.

कॅरिअरवरचा होल्डॉल. सामान न्यायला म्हणून बांधलेली वळकटी गाडीच्या पत्र्यावर सावली धरी. लँड रोव्हर कंपनीनं उष्ण देशांसाठी छतावर दुसरं छत बसवलं, मधून हवा जायला जागा ठेवून. आमच्याकडे ते काम गादीनं केलं. कुणी कुणी ओलं गोणपाट टाकत, ते वीस किलोमीटरमध्ये कडकडीत व्हायचं.

काचांवरची काळी फिल्म. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तिच्यावर बंदी घातली. कारण गुन्ह्यांचं होतं आणि ते खरं होतं. ऊन मात्र तसंच राहिलं.

पऱ्हाट्यांचा मांडव. गाडी उभी करायला पत्र्याची शेड बांधली तर आत भट्टी. शहाण्या घरांत कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्यांचा मांडव असे, चारी बाजूंनी उघडा. सकाळी अंगणात सडा घालताना मांडवाच्या जमिनीवरही पाणी. गाडीचं तोंड उत्तरेला. दिवसभर उभी असली तरी संध्याकाळी दाराची मूठ हातात धरवे. आता पऱ्हाटी शेतातच जाळतात किंवा यंत्रानं बारीक करून जमिनीत घालतात, आणि गाडी काँक्रीटच्या अंगणात उभी असते.

रस्त्याकडेचे कडुनिंब. हे सगळ्यात मोठं नुकसान, म्हणून इथे थांबतो. धुळ्याहून जळगाव साधारण ९० किलोमीटर. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, मग बांभोरीजवळ गिरणेचा पूल आणि जळगाव. जुना सहा नंबरचा हमरस्ता, आताचा ५३. दुतर्फा कडुनिंब, चिंच, वड. मे महिन्यात बाकी सगळं करपलेलं असताना कडुनिंब हिरवागार असतो. दाट झाडाखालून गाडी गेली की छताचा पत्रा निवत असल्याचं आत बसून कळायचं, आणि रस्ता तसाच मैलोन्‌मैल असल्यामुळे गाडी तापायला सवडच मिळत नसे. धुळ्यातून जाणारा आग्रा रस्ताही तसाच. जुन्या गाड्या दमदार होत्या असं लोक म्हणतात. मला वाटतं, त्यांना सावली होती. तरसोद-फागणे चौपदरीकरण झालं, आग्रा रस्ता त्याआधी रुंद झाला. झाडं गेली. रस्ता चांगला झाला, दीड तासात जळगाव गाठता येतं, अपघातात अडकलेल्याला दवाखाना लवकर मिळतो. हे सगळं मान्य. पण दुभाजकातली कण्हेर सावली देत नाही, आणि जुनी गाडी घेऊन आज त्या रस्त्यानं दुपारी निघालेल्या माणसाला थांबायला झाड सापडत नाही.

केळीच्या पट्ट्यातला गारवा. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर दोन्ही बाजूंनी केळीची बाग लागली की बंद काचा खाली यायच्या. पाटाचं पाणी सऱ्यांत उभं असे आणि पानांच्या छताखालून येणारी हवा ओली असे. बागेच्या कडेला शेवरीचं कुंपण वारा अडवी, तिथे गाडी लावून लोक डबा सोडत. केळी आहे, अजून भरपूर आहे. पाणी आता ठिबकनं झाडाच्या मुळाशीच जातं, आणि ते योग्यच आहे, कारण भूजल किती खोल गेलं ते तिथल्या शेतकऱ्याला विचारावं. वाटसरूच्या वाट्याचा गारवा तेवढा कमी झाला.

पहाटेचं निघणं. वस्तू नव्हे, पण यादीत हवं. तीनला उठून पन्हं नाहीतर ताक बरणीत भरायचं, खिशात कांदा, चारला गाडी सुरू. एरंडोलजवळ उजाडायचं. नऊच्या आत मुक्कामाला. मग दिवसभर गाडी आणि माणूस दोघंही सावलीत, आणि परतीचा रस्ता पाच वाजल्यानंतर. एसीमुळे भर दोनला निघता येतं, म्हणून आता लोक भर दोनला निघतात.

आखाजीची गाडी. खानदेशात अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी, आणि आखाजीला लेक माहेरी यायची. वैशाखाच्या ऐन उन्हात. तिला सासरहून आणायला मुऱ्हाळी म्हणून भाऊ जायचा, जमल्यास कुणाची तरी फियाट किंवा जीप मागून. जाताना गाडीत दोघं, येताना बहीण, तिची मुलं, सासरहून दिलेल्या सांजोऱ्या, आंब्याची पाटी. वर लिहिलेल्या बहुतेक वस्तू या एका प्रवासात एकत्र येत. छागल दाराला, तांब्या पायाशी, पंचा मुलांच्या डोक्यावर, त्रिकोणी काच आईच्या मांडीवरच्या तान्ह्याकडे वळवलेली. आखाजीला लेकी अजूनही येतात. एसी गाडीत येतात, मुलं वाटभर झोपतात, आणि हे चांगलं आहे.

रस्त्याकडेची पाणपोई. लाल फडक्यात गुंडाळलेले रांजण, वर गवताचं छप्पर, लांब दांड्याचा पळा. आखाजीला पाण्यानं भरलेली घागर दान करायची रीत, तीच उन्हाळाभर रस्त्यावर चालू राही. रेडिएटरलाही तिथूनच पाणी मिळे, कुणी नाही म्हणत नसे. आता स्टीलच्या टाक्या आहेत, दात्याचं नाव ठळक, नळ बऱ्याचदा कोरडा.

ट्रकच्या केबिनला १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या गाडीत एसी सक्तीचा झाला. ज्यांनी आयुष्यभर इंजिनाशेजारी बसून आग्रा रस्ता ओढला त्यांना हे पन्नास वर्षांपूर्वी मिळायला हवं होतं. पंचा आणि छागल यांच्याबद्दल माया वाटते म्हणून कुणी ४५ अंशांत भाजत राहावं असं माझं म्हणणं नाही.

ज्यांच्या अंगणात फियाट, अँबेसेडर, हेरल्ड उभी आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. ५० वर्षं ओलांडलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदता येतं, तेव्हा ती भंगारात घालू नका. फेब्रुवारी संपायच्या आत रेडिएटर उतरवून रॉड मारून घ्या. पंपाचा रबरी पडदा बदला, आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये तो लवकर खराब होतो. त्रिकोणी काचेचं रबर मिळालं तर दोन जोड जास्त घेऊन ठेवा. मेमध्ये नऊच्या आत पोचा. आणि ज्यांची शेतं नव्या रस्त्याला लागून आहेत त्यांनी बांधावर, रस्त्याच्या बाजूला, कडुनिंब लावावेत. पहिले दोन उन्हाळे पाणी घालावं लागतं, पुढे तो आपला आपण वाढतो.